केमोआधीचा टू-डी इको : एका तपासणीमागची पन्नास वर्षे

विदर्भातून, शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्यातून कॅन्सरचे रुग्ण नागपूर गाठतात. कुणी सरकारी मेडिकल कॉलेजला जातो, कुणी राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात, कुणी जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. स्तनाचा किंवा रक्ताचा कॅन्सर असेल, तर केमो सुरू होण्याआधी बऱ्याचदा डॉक्टर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगतात. आधीच चिठ्ठ्या, रक्ततपासण्या आणि रांगांनी दमलेल्या घरच्यांना प्रश्न पडतो, की गाठ स्तनात असताना हृदय कशाला तपासायचं? हा प्रश्न रास्त आहे. कॅन्सरची काही औषधं हृदयालाही इजा करतात, या उत्तरामागे पन्नास वर्षांचं संशोधन आहे आणि त्याची किंमत अनेक रुग्णांनी जीव देऊन मोजली आहे.

सुरुवात इटलीत झाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फार्मिटालिया कंपनीचे संशोधक मातीतल्या जिवाणूंमध्ये नवी औषधं शोधत होते. एड्रियाटिक समुद्राजवळच्या कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या परिसरातील मातीत त्यांना लाल रंगद्रव्य तयार करणारा एक जिवाणू सापडला. त्यातून डॉनोरुबिसिन मिळालं आणि पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन. समुद्राच्या नावावरून त्याचं एड्रियामायसिन असं नाव पडलं. केमोच्या खोलीत सलाईनमधून उतरणारं लालभडक औषध ते हेच. रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, हाडांचा सार्कोमा अशा अनेक आजारांत त्याने उपचारांचं चित्र पालटलं. १९७४मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

पण त्याआधीच धोक्याची खूण दिसली होती. १९७३मध्ये लेफ्राक आणि सहकाऱ्यांनी हे औषध घेतलेल्या ३९९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ११ जणांचं हृदय निकामी होऊ लागलं होतं आणि त्या ११पैकी ८ जण तीन आठवड्यांच्या आत दगावले. या अभ्यासातून एक आकडा पुढे आला. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ५५० मिलिग्रॅमपर्यंत धोका अगदी कमी आणि त्यापुढे तो झपाट्याने वाढतो. १९७९मध्ये फॉन हॉफ यांनी ४,०१८ रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा २.२ टक्के रुग्णांत हृदय निकामी झाल्याचं आढळलं. ५५०ची मर्यादा पुढची अनेक वर्षं जगभर पाळली गेली.

या मर्यादेनं असंख्य लोक वाचले, हे खरं. तरी मला वाटतं, तिनं एक खोटा दिलासाही दिला. आकड्याच्या आत राहिलो म्हणजे हृदय सुरक्षित, असं गृहीत धरलं गेलं. २००३मध्ये स्वेन यांनी तीन अभ्यासांतल्या ६३० रुग्णांची आकडेवारी पुन्हा मांडली. त्यांच्या अंदाजानुसार ४०० मिलिग्रॅमलाच सुमारे ५ टक्के आणि ५५०ला तब्बल २६ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होण्याची शक्यता होती. म्हणजे जी सीमा सुरक्षित मानली, तिथे चारातल्या एकाला धोका होता. जुन्या नोंदींत दम लागणं, पाय सुजणं अशी लक्षणं दिसल्यावरच हृदयाकडे लक्ष गेलं होतं आणि तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असे.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी उशिरा कळलं. रक्ताच्या कॅन्सरमधून मुलं बरी होऊ लागली, ही विसाव्या शतकातल्या वैद्यकाची फार मोठी कमाई. १९९१मध्ये लिपशुल्ट्झ यांनी डॉक्सोरुबिसिन घेऊन बऱ्या झालेल्या ११५ मुलांची हृदयं तपासली. उपचार संपून एक ते पंधरा वर्षं झाली होती. त्यांतल्या ५७ टक्के मुलांत हृदयाची भिंत पातळ झाल्यामुळे वाढलेला ताण किंवा आकुंचनातली कमजोरी सापडली. हृदयाच्या पेशी मोठ्या प्रमाणात नव्याने तयार होत नाहीत. लहानपणी गमावलेल्या पेशींची उणीव वाढत्या शरीराबरोबर जाणवत जाते.

मग हृदयाला आधीच कवच देता येईल का? डेक्सराझोक्सेन हे औषध त्यासाठीच १९९५मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते डॉक्सोरुबिसिनच्या थोडं आधी शिरेतून देतात. ते शरीरातलं लोह बांधून ठेवतं, त्यामुळे पेशी जाळणारे घटक तयार होत नाहीत, अशी अनेक वर्षं समजूत होती. २०१२मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून वेगळीच गोष्ट समोर आली. हृदयाच्या पेशींत टोपोआयसोमरेज-२ बीटा नावाचं एन्झाइम असतं. डॉक्सोरुबिसिन त्याला गाठतं आणि पेशीतल्या डीएनएचे तुकडे पाडतं. हे एन्झाइमच नसलेल्या उंदरांची हृदयं बरीचशी शाबूत राहिली. डेक्सराझोक्सेन हा रस्ता अडवतं, असं आता मानलं जातं. तरीही या औषधाचा प्रवास सरळ झाला नाही. त्यामुळे मुलांत दुसरा कॅन्सर होईल या भीतीने युरोपने २०११मध्ये मुलांसाठी त्यावर बंदी घातली आणि पुरावे पुन्हा तपासून २०१७मध्ये ती बरीच शिथिल केली.

१९९८मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, त्यावर हे औषध नेमका मारा करतं. पेशींना सरसकट मारणारी केमो नसल्यामुळे हृदयाची फारशी काळजी कुणी केली नव्हती. २००१मधल्या मुख्य अभ्यासात मात्र डॉक्सोरुबिसिनच्या गटातल्या औषधासोबत ते घेतलेल्या २७ टक्के स्त्रियांत हृदयाचं काम बिघडलेलं दिसलं. हर-टूचा संदेश हृदयाच्या पेशींनाही ताणातून सावरायला लागतो, हे तेव्हा नीट ध्यानात आलं. यातला दिलासा असा, की वेळेत औषध थांबवलं तर बहुतेकींचं हृदय सावरतं. म्हणून ते सुरू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको करतात. २०१४पासून भारतीय बनावटीचं स्वस्त ट्रास्टुझुमॅब बाजारात आलं आणि मुंबई-दिल्लीबाहेरच्या स्त्रियांनाही ते मिळू लागलं. औषध पोचलं, तिथे दर तिमाहीचा इकोही पोचायला हवा. गडचिरोलीहून येणाऱ्या बाईसाठी ती एक तपासणी म्हणजे बसभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला एक माणूस.

रेडिएशनची गोष्ट थोडक्यात. २०१३मध्ये सारा डार्बी यांनी स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास मांडला. हृदयावर पडलेल्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढत होत्या. डाव्या स्तनाच्या रेडिएशनवेळी खोल श्वास रोखून धरायला सांगतात, तो हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरावं म्हणून.

वेळ किती मोलाची आहे, हे मिलानच्या डॅनिएला कार्डिनाले यांनी दाखवून दिलं. केमोमुळे हृदय कमजोर झाल्यावर दोन महिन्यांत एनालाप्रिलसारखी रक्तदाबावरची औषधं सुरू झाली, तर बऱ्याच रुग्णांचं हृदय पूर्ववत झालं. सहा महिन्यांनंतर सुरुवात केलेल्यांपैकी एकाचंही पूर्ण सावरलं नाही. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात २,६२५ रुग्ण होते आणि बिघाडाची ९८ टक्के प्रकरणं पहिल्याच वर्षात सापडली. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी हृदय वाचतं का, यावर मात्र अजून एकमत नाही. २०२३मधल्या लिम्फोमाच्या अभ्यासात फायदा दिसला, तर त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसला नव्हता. युरोपच्या हृदयरोग संघटनेने कर्करोग-हृदयविज्ञानाची आपली पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २०२२मध्ये काढली.

हा सगळा इतिहास मुख्यतः स्तन आणि रक्ताच्या कॅन्सरभोवती फिरतो. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं ओझंही फार मोठं आहे. पानठेल्यावर घोटून मिळणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्या मुळाशी आहे. २०१२मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तरी खर्रा चालूच राहिला. या रुग्णाला बहुधा डॉक्सोरुबिसिन मिळत नाही, म्हणून त्याच्या हृदयाचा विचार मागे पडण्याची भीती असते. पण त्याला मिळणाऱ्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. शिवाय मूत्रपिंडं जपण्यासाठी त्यासोबत भरपूर सलाईन द्यावं लागतं, ते कमजोर हृदयाला झेपत नाही. फाइव्ह-एफयू या केमोच्या दुसऱ्या औषधाने हृदयाच्या धमन्या अचानक आखडून छातीत कळ येऊ शकते. त्याच जातीच्या कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या इतर कॅन्सरचे रुग्ण घरी बसून घेतात. त्यांच्याही छातीत दुखलं तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायला हवा. मानेवरच्या रेडिएशननंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या पुढे अरुंद होऊ शकतात. आणि तंबाखूने या माणसाच्या रक्तवाहिन्या उपचारांआधीच पोखरलेल्या असतात. त्याचं बीपी, साखर, ईसीजी पहिल्या डोसआधी पाहणं मला इकोइतकंच गरजेचं वाटतं.

नव्वदच्या दशकात बरी झालेली मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत. काही मुली आई होत आहेत आणि गरोदरपणाचा ताण त्यांच्या हृदयावर पडतो. डॉक्सोरुबिसिन किंवा छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रीचं हृदय गरोदरपणाआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत तपासावं, असं २०२२ची तत्त्वं सांगतात. त्यासाठी प्रसूतितज्ज्ञाला औषधाचं नाव, एकूण किती मिलिग्रॅम गेलं आणि रेडिएशन कुठे, किती दिलं एवढं कळायला हवं. उपचार संपताना या तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून मागाव्यात आणि ते कार्ड जमिनीच्या सातबाऱ्याइतकं जपून ठेवावं.