सुट्टीची पुस्तकं घ्यायला येताना मुलांना सोबत आणा

परीक्षा संपल्या की आमच्या दुकानात एकच वाक्य दिवसभर ऐकू येतं: "सातवीतल्या मुलासाठी सुट्टीत वाचायला चार-पाच चांगली पुस्तकं द्या." विचारायला आई येते, बाबा येतात, कधी आजोबा. ज्याच्यासाठी पुस्तकं घ्यायची, तो मात्र घरी असतो. आठवडाभरात त्यातली निम्मी पुस्तकं बदलून घ्यायला घरातलं कुणीतरी परत येतं. आम्ही ती चाळून बघतो. खुणेसाठी दुमडलेलं पान बहुतेक वेळा पंधराव्या पानाच्या आतच सापडतं.

म्हणून पाचवी ते आठवीतल्या मुलांच्या पालकांसाठी हे पत्रक काढलं आहे.

नुसती इयत्ता सांगितली तर आम्हाला पुस्तक काढून देता येत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एक जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवते आणि दुसरी जोडाक्षरांपाशी अडखळते, पण तिला ग्रहताऱ्यांबद्दल काहीही विचारा, ती सांगेल. मलपृष्ठावर छापलेला वयोगट हा प्रकाशकाचा ढोबळ अंदाज असतो. तो बघून आम्ही कपाट ठरवतो, पुस्तक नाही. त्यातून हे वयच अवघड. चित्रांची पुस्तकं मागे पडलेली असतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत आणि "लहान मुलांचं" वाटणारं पुस्तक मित्रांसमोर हातात धरायची लाज वाटते. घरची मोठी माणसं अशा वेळी दोनच गोष्टी करतात. स्वतःला त्या वयात आवडलेलं पुस्तक घेतात, नाहीतर "काहीतरी उपयोगाचं" घेतात. दोन्हींमागे माया असते हे आम्हाला कळतं. पण मुलाच्या हातात ते पुस्तक अभ्यासासारखं पडतं.

मुलांनी स्वतः निवडण्यावर आम्ही एवढा जोर देतो तो उगाच नाही. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅलिंग्टन, अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दर वेळी १२ पुस्तकं दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरलं. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा लहान वर्गांतली होती. पण निवडीचा हक्क मिळाला की मूल वाचतं, हे आम्ही आठवीतल्या मुलांच्या बाबतीतही रोज बघतो.

मूल सोबत असलं की आमचं काम पाच मिनिटांचं असतं. त्याला आवडलेलं पुस्तक मधूनच कुठेतरी उघडायचं आणि मजकुराने भरलेलं एक पान त्याने मनातल्या मनात वाचायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. एखादंच बोट मिटलं तर पुस्तक सोपं जाईल, दोन-तीन मिटली तर नेमकं जमेल. पाचही मिटली तर ते सध्या कपाटात राहू द्यावं किंवा घरी कुणीतरी सोबत बसून वाचावं. विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांची किंवा यंत्रांची नावं अडली तर ती मोजू नका, गोडी असलेलं मूल ती सहज पचवतं. एक विनंती: हे पान मोठ्याने वाचायला लावू नका. गेल्या सुट्टीत एका मुलाने बाबांच्या आग्रहाखातर सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली, दुसऱ्याच ओळीला त्याचे कान लाल झाले आणि पुस्तक मिटलं गेलं. नंतर तो खालच्या फळीपाशी बसून सापांवरचं एक पातळ पुस्तक वाचत राहिला. बिल करायला ते त्याच्या हातातून मागून घ्यावं लागलं.

संक्षिप्त आवृत्तीबद्दलही वारंवार विचारणा होते. गाजलेल्या परदेशी कादंबऱ्यांची पातळ मराठी रूपांतरं वाईट नसतात, पण काय घेतो आहोत ते आतल्या पहिल्या पानावर बघून घ्या. 'अनुवाद', 'रूपांतर' आणि 'संक्षिप्त' हे तीन वेगळे शब्द आहेत. 'ट्रेझर आयलंड' हे याचं चांगलं उदाहरण. ते पुस्तकरूपात १८८३ साली आलं, पण त्याआधी मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः छापून येत होतं. त्यामुळे त्याच्या ३४ प्रकरणांत बरीचशी उत्कंठेवरच थांबतात. रात्री एक प्रकरण वाचलं तरी महिनाभर ते सोबत करतं. संक्षिप्त आवृत्तीत कथा तीच राहते, पण ही थांबण्याची ठिकाणंच निघून जातात. मूल बऱ्यापैकी वाचणारं असेल तर आम्ही पूर्ण अनुवादच सुचवतो. तो जाड दिसतो म्हणून पालक बिचकतात, मुलं सहसा बिचकत नाहीत.

चित्रकथा, एकाच नायकाच्या मालिका, क्रिकेटपटूंची चरित्रं, भुताच्या गोष्टी, हे सगळं वाचनच आहे. मालिकेचं तर आम्हाला विशेष कौतुक वाटतं. पात्रं ओळखीची झाली की दुसरा भाग हातात घ्यायला मुलाला कुणी सांगावं लागत नाही.

सगळी पुस्तकं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी नेऊ नका. विक्री कमी झाली तरी आम्ही हे सांगतो, कारण टेबलावरचा गठ्ठा बघून मूल दबतं. दोन न्या: एक मुलाने पूर्णपणे स्वतः निवडलेलं आणि दुसरं आमच्या किंवा तुमच्या सुचवणीतलं. ती संपली की पुढची. आवडलेल्या मालिकेचे पुढचे भाग आम्ही नाव लिहून बाजूला काढून ठेवतो. पान न दुमडलेलं, नाव न घातलेलं पुस्तक बिलासह सात दिवसांत बदलून मिळेल.

मुलाला आणणं खरंच शक्य नसेल, तर तीन गोष्टी विचारून या: त्याने शेवटचं कोणतं पुस्तक आपणहून पूर्ण केलं, कोणतं अर्धवट सोडलं आणि मोकळ्या वेळात तो कशाबद्दल बोलत असतो. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं नाव आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

सुट्टीचे पहिले तीन-चार दिवस दुकानात गर्दी असते. मुलाला निवांत चाळू द्यायचं असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या. खिडकीजवळचं बाकडं तेव्हा रिकामं असतं.