"चल ना बे" आणि "विचारलंस म्हणून सांगतो": मेसनरीत या दोन्हीत फरक काय

मागच्या रविवारी नागपूरच्या सदर भागात तर्री पोहे खात होतो, तर मित्राचं लक्ष माझ्या गाडीच्या किल्लीकडे गेलं. "काहून बे, हा गुण्या अन् कंपास लटकवून काय फिरून राहिला? सुतारकाम सुरू केलं का?" सुतारकाम नाही, ते फ्रीमेसनरीचं चिन्ह आहे; फ्रीमेसनरी म्हणजे बंधुभावाची एक जुनी संघटना, मी तिचा मेंबर आहे.

आता हा माणूस असा आहे की कॉलनीत कोणाचं ऑपरेशन असलं की रात्री दवाखान्यात हाच बसलेला असतो आणि नंतर त्याबद्दल बोलत पण नाही, त्यामुळे मनातून मला फार वाटतं की हा लॉजमध्ये (आम्ही मेसन आमच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतो) यायला पाहिजे. पण आमच्याकडे भरती करत नाहीत. लॉजमधले बरेच भाऊ, म्हणजे मेंबर, याचा अर्थ तोंड शिवून बसायचं असा काढतात, जे चूक आहे, आणि काही जण नेटवर्क मार्केटिंगवाल्यासारखे मागे लागतात, ते तर फारच चूक.

रोटरीत कसं, मेंबरनं ओळखीच्या माणसाला सरळ बोलवायचं, त्यात वावगं काही नाही. मेसनरीत येणाऱ्याला सुरुवातीलाच स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की मी माझ्या मर्जीनं आलोय, मित्रांच्या आग्रहानं नाही, पैशाच्या लोभानं नाही. म्हणजे तुम्ही ओढून आणलं तर बिचारा पहिल्याच पायरीवर खोटं बोलतो. हे मी स्वतः केलंय. एकाला फॉर्म पण मीच भरून दिला, फोन करकरून आणला, तो ते बोलत होता आणि मी खाली फरशीकडे बघत होतो. दोन-तीन मीटिंगा आला, मग कधी लग्न तर कधी पाठदुखी. माझ्यासाठी आला होता, तेव्हा किती दिवस येणार?

मग बोलायचं किती? इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजनं (तिथल्या लॉजांची वरची संस्था) १९८१ मध्ये यावर चांगला तोडगा काढला: माणूस योग्य वाटला तर साध्या शब्दांत एकदा विषय काढायला हरकत नाही, नंतर एकदा आठवण करायलाही नाही, त्यापुढे त्याचं त्याला ठरवू द्या. भारताची ग्रँड लॉज १९६१ पासून वेगळी आहे, पण हे माप मला इथंही बरोबर वाटतं.

आणि त्यानं स्वतःच विचारलं तर मोकळं सांगावं ना! मी मित्राला सांगितलं की तीन डिग्र्या, म्हणजे मेंबरच्या तीन पायऱ्या, असतात, देवावर विश्वास पाहिजे पण कोणता देव हे कोणी विचारत नाही, टेबलावर गीता, कुराण, बायबल सोबत असतात, लॉजमध्ये धर्माचा आणि राजकारणाचा वाद चालत नाही. (नागपुरात राजकारणाशिवाय दोन तास, त्याला हेच सगळ्यात अशक्य वाटलं.) विवेकानंद १८८४ मध्ये कोलकात्याच्या लॉजमध्ये मेसन झाले होते हे पण सांगितलं, पण लगेच म्हटलं, ते झाले म्हणून तू हो असं नाही.

अडचणीचं पण सांगितलं. फी आहे, दर वर्षी वर्गणी आहे, संध्याकाळ जाते, धंद्याच्या ओळखी वाढवायला यायचं असेल तर येऊच नको, घरी वहिनींशी आधी बोल, आणि शेवटी पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होतं, त्यात थोड्या काळ्या पडल्या तरी प्रवेश नाही. भरती करणारा नेमकं हेच गिळून टाकतो, मला तर फरक इथंच दिसतो. मेसन एकमेकांना ज्यांनी ओळखतात त्या खुणा तेवढ्या सांगत नाही म्हटलं, बाकी सगळं विचार.

"मग मले घेशील का?" तो हसत म्हणाला. मी म्हटलं, हसणं थांबल्यावर विचार.

आठवडा झाला. आज परत ठेल्यावर भेटला, पोरीच्या अॅडमिशनचं बोलला, दुसरं काही नाही. जीभ फार वळवळत होती, मी एक्स्ट्रा तर्री मागितली.