वाळूतस्करी आणि जप्तीची पडताळणी (मराठवाडा)

नदीपात्रातून परवान्याशिवाय वाळू उपसणे, किंवा लिलावात घाट (उपशासाठी ठरवून दिलेला नदीपात्राचा भाग) घेऊन ठरलेल्या हद्दीबाहेर, ठरलेल्या खोलीपेक्षा जास्त उपसा करणे आणि ती वाळू रॉयल्टी न भरता विकणे, याला मराठवाड्यात वाळूतस्करी म्हणतात. गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा आणि मांजरा या नद्यांच्या काठी हा धंदा चालतो. पैठण, गेवराई, अंबड, घनसावंगी, गंगाखेड, बिलोली, देगलूर या तालुक्यांतून कारवाईच्या बातम्या सतत येतात. त्या बातम्यांतल्या आकड्यांवरून नदीतून किती वाळू गेली हे मात्र कळत नाही, आणि जप्त झालेल्या वाळूचे पुढे काय झाले हेही कळत नाही.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. तो झिजून माती भरपूर होते, बांधकामाला लागणारी भरड वाळू त्या मानाने कमी. त्यात वरून येणारा गाळ पैठणला जायकवाडीच्या जलाशयात अडतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बिलोली-देगलूरकडे, ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे जुने खडक लागतात. त्यामुळे तिथल्या मांजरेची वाळू भरड आणि टणक असते, तिला तेलंगणातूनही मागणी असते.

पात्र कोरडे असेल तर जेसीबी आणि हायवा (मोठे टिप्पर ट्रक) उतरतात. बंधाऱ्याचे पाणी तुंबलेले असेल तर ट्रॅक्टरने ओढायची लोखंडी केनी, तराफे किंवा इंजिन बसवलेल्या बोटी वापरतात. तहसीलदारांची गाडी निघाली की मोबाइलवर ‘लोकेशन’ देणारी पोरे चौकाचौकांत बसवलेली असतात. उपशाने पडलेल्या खड्ड्यांत बुडून माणसे, लहान मुले दगावली आहेत. काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते ते वेगळेच.

कारवाईचा मुख्य आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ हा आहे. त्याखाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि वाहने, यंत्रे जप्त करता येतात. दंड भरून, बंधपत्र लिहून दिल्यावर वाहन सुटते. पोलिस चोरीचा गुन्हाही नोंदवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. २०१५ च्या दुरुस्तीने ‘वाळू तस्कर’ एमपीडीए या राज्याच्या प्रतिबंधक कायद्याखालील स्थानबद्धतेच्या कक्षेत आले.

म्हणजे एकाच नदीवर महसूल आणि पोलिस अशी दोन खाती कारवाई करतात. पोलिसांनी पकडलेला हायवा दंडासाठी तहसीलकडे जातो. दोन्हीकडे त्याची नोंद होते आणि महिन्याच्या गोषवाऱ्यात एकच गाडी दोनदा मोजली जाण्याची शक्यता राहते.

बातमीतली रक्कम वाचताना ‘मुद्देमाल’ कशाचा ते पाहावे लागते. समजा हायवाची किंमत २५ लाख धरली, त्यात ५ ब्रास वाळू (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि ब्रासचा भाव ६ हजार. मथळ्यात ‘२५ लाख ३० हजारांचा मुद्देमाल जप्त’ असे येईल. वाळू त्यातली फक्त ३० हजारांची. असे मथळे वर्षभर जोडत गेले तर मिळणारी बेरीज वाहनांच्या किमतीची असते, उपशाची नसते. ती उपशाची म्हणून सांगितली जाते, ही फसगत गंभीर आहे.

बेवारस साठ्यांची गोष्ट याहून अवघड. शेतात, गायरानात टाकलेला ढीग टेपने मोजून पंचनामा होतो. २० फूट लांब, १५ फूट रुंद, ६ फूट उंच ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची सरळ गुणली तर १,८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास भरतात. तोच ढीग चारही बाजूंनी वर एका टोकापर्यंत निमुळता होत गेलेला असेल तर घनफळ एक तृतीयांश, फक्त ६ ब्रास. कोणते सूत्र लावले ते पंचनाम्यात लिहिलेले नसेल तर मागाहून कोणालाच सांगता येत नाही. आकडा फुगवला तर कारवाई मोठी दिसते. कमी लिहिला तर दंड कमी बसतो आणि उरलेली वाळू बिनबोभाट उचलता येते. जप्त साठा गावातच कुणाच्या तरी ताब्यात दिला जातो, आणि लिलावाच्या दिवशी तो निम्मा झालेला आढळला तर वाळू वाहून गेली, चोरीला गेली की मुळातच कमी होती, हे ठरवायला पुरावा उरत नाही. पंच बहुधा गावचेच असतात. तस्कराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने छातीठोक साक्ष द्यावी ही अपेक्षा सोपी नाही.

नदीतला खड्डा मोजणे हा जास्त भरवशाचा मार्ग. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन (अंतर आणि उंची मोजणारे यंत्र) किंवा ड्रोनने सर्वेक्षण करता येते. पण उपशाआधीची पातळी नोंदवलेली हवी आणि मोजणी पुराआधी व्हायला हवी. पावसाळ्यात नदी खड्डा भरून काढते आणि पुरावाही सोबत नेते.

सीमेवर आणखी एक पेच आहे. मांजरा काही अंतर महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या हद्दीवरून वाहते. गाडी पकडली की चालक पलीकडच्या राज्याची पावती पुढे करतो. वाळू दोन्ही काठांना एकाच नदीची, त्यामुळे ती पाहून खरेखोटे करता येत नाही. पावतीवरची वेळ, वाहन क्रमांक आणि मार्ग एकमेकांशी जुळवावे लागतात. राज्यातल्या वाहतुकीसाठी ‘महाखनिज’ प्रणालीवरचा ऑनलाइन परवाना लागतो, तो जागेवर तपासता येतो. एकाच परवान्यावर दिवसात अनेक खेपा मारल्या जातात तेव्हा गाडीच्या जीपीएसच्या नोंदी उपयोगी पडतात.

ज्याला एखादी जप्ती तपासायची आहे त्याने मथळा सोडून कागदांची साखळी धरावी. मापांसह पंचनामा, चेसिस क्रमांक, तहसीलदारांचा दंडाचा आदेश, दंड भरल्याचे चलन आणि वाहन सोडल्याचा किंवा साठ्याच्या लिलावाचा आदेश, हे सगळे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार पोलिसांच्या झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरणही आवश्यक झाले आहे. ढिगाला टेप लावतानाचे चित्रण उपलब्ध असेल तर सहा ब्रास आणि अठरा ब्रास यांतला वाद त्यावरून तपासता येतो.