तुरटीच्या पाण्याने पांढरं जाणं थांबत नाही

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या आपल्या मराठी घरांत अजूनही सांगतात, अंगावरून पांढरं जात असेल तर तुरटीच्या नाहीतर कडुनिंबाच्या पाण्याने आतून धू, लसणाची पाकळी ठेव. घरचंच औषध, त्याने काय अपाय होणार?

होतो. योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीच्या जंतूंना जोर धरता येत नाही. आतून धुतलं की हेच जिवाणू कमी होतात आणि संसर्गाची शक्यता उलट वाढते. तुरटी आतला भाग आकसून कोरडा करते. चार दिवस बरं वाटतं ते त्या कोरडेपणामुळे, मग आग सुरू होते. ठेचलेल्या लसणाने तर नाजूक त्वचा अक्षरशः भाजते.

वास, खाज नसेल तर थोडं पांढरं जाणं हा आजारच नाही. घट्ट, दह्यासारखं आणि सोबत खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, करडं, मासळीसारख्या वासाचं असेल तर बहुधा दुसऱ्या, त्रासदायक जिवाणूंचा संसर्ग. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून तपासणी हवीच. गरोदरपणात, किंवा ओटीपोटात दुखून ताप आला तर, घरी थांबू नका ग, लगेच डॉक्टरांकडे जा.