केवळ विश्वासाने तारण: वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्तावरील केवळ विश्वासाने तारण होते, हा सिद्धान्त जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जाहीर केला, असे सर्रास लिहिले जाते. त्या दिवशीच्या ९५ मुद्द्यांत तो शोधूनही सापडत नाही. त्यांचा रोख दंडमाफीपत्रांवर, म्हणजे पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांवर होता.

प्रायश्चित्त संस्काराचे तीन भाग मानले जात: पश्चात्ताप, पापकबुली आणि भरपाई. पापाची क्षमा धर्मगुरूपुढे कबुली दिल्यावर मिळे. उरलेली शिक्षा उपवास, प्रार्थना, दानधर्म करून किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेत, फेडायची. माफीपत्र लागू होते ते या उरलेल्या शिक्षेपुरतेच. माफीपत्रे खपवणारा धर्मोपदेशक योहान टेट्झेल याच्या प्रचारात ही मर्यादा धूसर झाली आणि पैसे भरले की सुटलो, असे लोक समजू लागले. जमलेला निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाकडे जाई. उरलेल्या निम्म्यातून माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट हा फुगर घराण्यातील सावकारांचे कर्ज फेडत होता.

सिद्धान्ताला नेमकी मांडणी मिळाली ती १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनाच्या, चौथ्या कलमात: माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर ख्रिस्ताखातर, विश्वासाने, फुकट नीतिमान ठरतो. इथेच थांबणारे वाचक फसतात. सहावे कलम सांगते की अशा विश्वासातून सत्कर्मे घडलीच पाहिजेत. फक्त देवापुढे स्वीकारले जाण्याचा आधार ती नव्हेत.

१५४१ साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला दोन्ही पक्षांचा समेट अगदी हातातोंडाशी आला होता. एकीकडे प्रोटेस्टंट धर्मपंडित मेलान्क्थॉन, बुत्सर, पिस्टोरियस. दुसरीकडे कॅथलिक धर्मपंडित योहान एक, ग्रोपर, फ्लुग. आणि पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कोन्तारिनी. नीतिमान ठरण्याविषयीच्या पाचव्या कलमावर त्यांचे एकमत झाले. बोलणी फिसकटली ती ख्रिस्तशरीराच्या (प्रभुभोजनाच्या) संस्कारावर आणि चर्चच्या अधिकारावर. शिवाय ते कलम ना ल्यूथरला पटले, ना रोमला. एवढी मोठी संधी पुढे साडेचारशे वर्षे आली नाही.

१३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने ३३ निषेध-नियम काढले. परिषदेच्या मते देवाची कृपा माणसाला नुसते नीतिमान ठरवत नाही, ती त्याला आतून बदलते, आणि त्यात माणसाची संमती व सहकार्य लागते. नववा नियम ‘केवळ विश्वासाने’ या मताला थेट शापित ठरवतो, पण सहकार्याची गरज नाकारण्याच्या अर्थाने.

याच फटीतून ३१ ऑक्टोबर १९९९ चे आउग्सबुर्गचे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चेसचे संयुक्त घोषणापत्र शक्य झाले. त्यात मांडलेल्या ल्यूथरन शिकवणीला ट्रेंटचे निषेध लागू होत नाहीत, असे कॅथलिक चर्चने मान्य केले. पुढे २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड या इतर प्रोटेस्टंट पंथांची चर्चेस त्यात सामील झाली. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापीही असतो, या ल्यूथरच्या म्हणण्यावर मात्र दोन्ही बाजू अजून वेगवेगळे स्पष्टीकरण देतात.