परसातील मत्स्यतळे : दुरुस्ती व देखभाल

घराच्या परसात, अंगणात किंवा बागेत हौसेने मासे पाळण्यासाठी केलेले छोटे तळे. महाराष्ट्रात अशी तळी बहुधा तीन प्रकारची दिसतात : विटा-सिमेंटचा किंवा काँक्रीटचा हौद, कोकण-गोव्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांचे टाके आणि खड्डा खणून त्यात प्लास्टिकचे अस्तर अंथरलेले तळे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यानंतर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा ‘कागद’ तालुक्याच्या गावीही सहज मिळू लागला, त्यामुळे तिसरा प्रकार सोपा झाला आहे.

नवशिक्यांची तळी बिघडतात ती बहुतेक वेळा धुण्यामुळे. पाणी हिरवे दिसले की सगळे उपसायचे, तळ घासून काढायचा, नळाचे पाणी भरायचे आणि मासे परत सोडायचे, असा शिरस्ता अनेक घरांत असतो आणि दोन-चार दिवसांत मासे मरू लागतात. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो आणि पाणी जितके अल्कधर्मी व उबदार, तितका जास्त बाधतो. भिंतींवर, दगडगोट्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नव्या तळ्यात ही जीवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घासणीने ती एका दुपारी नाहीशी होते. म्हणून दुरुस्ती कोणतीही असो, जुन्या पाण्यातले शक्य तितके पाणी पिंपात राखून ठेवावे आणि स्पंज नळाखाली न धुता तळ्याच्याच पाण्यात पिळून काढावा.

गळती खरी आहे का, हे आधी ठरवावे लागते. पठारावर मे महिन्यात दिवसाला सुमारे १ सेंमी. पाणी नुसते वाफ होऊन जाऊ शकते. तळे ३ मी. लांब व २ मी. रुंद असेल, तर एवढ्यानेच रोज ६० लिटर पाणी कमी होते आणि मालक हकनाक गवंडी बोलावतो. यावर बादलीची परीक्षा खात्रीची आहे. तळ्यात विटांवर बादली अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याबाहेर राहील, मग तिच्यात तळ्याच्या पातळीइतकेच पाणी भरायचे आणि आतून-बाहेरून खूण करायची. पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहायचे. दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली असेल, तर ते बाष्पीभवन. बाहेरची जास्त उतरली, तर गळती. पंप चालू ठेवून हीच परीक्षा पुन्हा करावी. पंप चालू असतानाच पाणी जास्त कमी होत असेल, तर दोष तळ्यात नसून नळीच्या जोडात किंवा धबधब्याच्या काठावर आहे.

गळतीची जागा शोधताना पाणी भरणे थांबवावे. पातळी उतरत जाऊन जिथे स्थिर होते, तिच्या जरा वरच्या पट्ट्यात भेग असते. मात्र पाणी फार खाली जाण्याआधी मासे हलवले पाहिजेत. शंका असलेल्या जागी पाणी पूर्ण संथ असताना सिरिंजने थोडे दूध किंवा हळदीचे पाणी अलगद सोडले, की त्याचा बारीक धागा भेगेकडे ओढला जाताना दिसतो.

सिमेंटच्या हौदातली भेग वरून लिंपून टिकत नाही. छिन्नीने ती एक-दोन सेंमी. खोल उकरावी, सुटा माल ब्रशने काढावा, जागा ओली करावी आणि एकास तीन प्रमाणातला सिमेंट-वाळूचा माल जलरोधक द्रावण मिसळून दाबून भरावा. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. जमीन खचत असल्याने भेग वर्षागणिक रुंदावत असेल, तर असा भराव पुन्हा तडकतो; तिथे आतून अस्तर घालणेच बरे. जांभ्याचे टाके सहसा एका जागी गळत नाही, सच्छिद्र दगडातून सर्वांगाने पाझरते, म्हणून त्याला आतून सलग गिलावा लागतो. सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा उंबराचे रोप नुसते उपटले, तर मूळ आत राहून पुन्हा फुटते. थोडा गिलावा फोडून मूळ काढावे लागते. तणनाशक तळ्याजवळ वापरू नये.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) ११-१२ पर्यंत जातो. हौसेने पाळल्या जाणाऱ्या माशांना साधारण ६.५ ते ८.५ सामू मानवतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर तळे भरून आठवडाभर ठेवावे, पाणी सोडून द्यावे आणि असे दोन-तीनदा करावे. शोभिवंत मासे पैदा करणारे लोक या पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे किंवा शेण टाकतात. उपाय कोणताही केला तरी सामू तपासूनच मासे सोडावेत. त्याच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात.

शेततळ्याचा कागद घरगुती गोंदाने जुळत नाही. तो गरम हवेच्या यंत्राने वितळवून जोडावा लागतो आणि शेततळ्याचे अस्तर घालणाऱ्या कारागिराकडे हे यंत्र असते. रबरी अस्तराला मात्र त्याच्यासाठी बनवलेली चिकटपट्टी चालते. जागा कोरडी व स्वच्छ हवी आणि ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, नाहीतर तिथूनच ते सुटू लागते.

काम चालू असताना मासे तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या पिंपात सावलीत ठेवावेत, हवेचा पंप लावावा, उडी मारू नयेत म्हणून वर जाळी बांधावी आणि खाद्य बंद ठेवावे. काही दिवस उपाशी राहिल्याने निरोगी माशाला काही होत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या भांड्यात एक-दोन दिवसांत उडून जातो. घाई असेल, तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे बाजारातला ‘हायपो’, पाकिटावरील प्रमाणात घालावा. एरवीच्या देखभालीत आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणे पुरते.

उन्हाळा हा इकडच्या तळ्याचा कसोटीचा काळ. पाण्यात विरघळणारा प्राणवायू २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ. असतो, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यातच रात्री शेवाळ व वनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी होतो. उजाडताना मासे वर येऊन तोंडे मारताना दिसले, तर रोगाचे औषध शोधत बसू नये. खाद्य थांबवावे, पाणी उंचावरून तळ्यात पाडावे आणि काही पाणी बदलावे. ढगाळ, कोंदट दिवसांनंतरही हाच धोका असतो. कमळ व कुमुदिनीची पाने सावली देतात. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग मात्र त्यांनी झाकू नये. जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी आणू नये, ती आवरत नाही. पावसाळ्यात परसातला गढूळ ओहोळ आत शिरू नये म्हणून तळ्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा आणि सांडव्याला जाळी हवी, नाहीतर मासे पाण्याबरोबर निघून जातात.

सुरुवातीला मासे कमी ठेवावेत. कोई हा जपानमधील नीगाता भागात साध्या कार्पपासून निपजवलेला मासा ६० सेंमी. पर्यंत वाढू शकतो. त्याला मीटरभर खोली आणि भरपूर पाणी लागते. दुकानातल्या बोटभर पिलावरून हे लक्षात येत नाही. छोट्या हौदाला गोल्डफिश किंवा गप्पी बरे. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून अनेक महापालिकांचे हिवताप विभाग ते देतात. १९२८ मध्ये याच कामासाठी भारतात आणलेला गॅम्बुसिया बेडकांची अंडी व स्थानिक मासेही फस्त करतो, तो टाळावा. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेले तळाशी कुजून अमोनिया वाढवते.

खंड्या, वंचक, मांजर आणि दिवड हे तळ्याचे नेहमीचे पाहुणे. वर जाळी आणि एका बाजूला खोल, आडोशाची जागा असली की बरेच मासे वाचतात. दिवड बिनविषारी आहे, तिला मारू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचा प्लग काढावा आणि त्या जोडणीवर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. घरात लहान मूल असेल, तर जाळी माशांपेक्षा त्याच्यासाठी अधिक गरजेची आहे; अडीच फूट पाणीही जीवघेणे ठरते.

तळे मोडायचे ठरले किंवा मासे जास्त झाले, तर ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. नदीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नयेत. काचेच्या टाक्यांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो. लोक तो शेवाळ खाणारा म्हणून परसातल्या तळ्यातही आणतात.