सहाव्या वर्षी सुरुवात, आठव्या वर्षी नॅशनल?

‘मुलगी सहाव्या वर्षी आली तर दोन वर्षांत नॅशनल, नाही आली तर जिम्नॅस्टिक्स विसरा.’ असं अनेक पालकांना ऐकवलं जातं. लवकर सुरुवातीचा फायदा आहेच, पण एवढी घाई कशाला? ऑलिंपिकच्या आर्टिस्टिक प्रकारात (साधनांवरच्या आणि फ्लोअरवरच्या कसरती) मुलीला त्या कॅलेंडर वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. हा नियम १९९७ पासूनचा. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीकडे दहा वर्षं आहेत.

प्रगती पदकांवरून नको, हँडस्टँडवरून (हातांवर उलटं उभं राहणं) जोखा: कोपरं ताठ, खांदे कानांना टेकलेले, कंबरेत बाक नाही, भिंतीच्या आधाराविना काही सेकंद स्थिर. एवढं जमत नसताना बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणं) घेतली, तर कोपर वाकतं, भार मनगटावर येतो आणि वाढीच्या वयातलं मनगट दुखू लागतं. दुखणं आठवडाभर टिकलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.